घरी बनवलेलं ब्लास्टिंग कॅबिनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुलगाव-आर्वी रस्त्यावर माझं अवजारं दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्डावर 'येथे ब्लास्टिंग करून मिळेल' असं रंगवलं आणि पहिल्याच आठवड्यात तिघं जण विहिरीचा दगड फोडायला बोलवायला आले. आपल्याकडे ब्लास्टिंग म्हणजे विहीर, त्यांचं काही चुकलं नाही. मग बोर्डावर 'जंग काढून मिळेल' असं लिहिलं. आता लोक जंग काढायला येतात, डबा बघतात आणि म्हणतात, "भाऊ, असा एक मलेबी बनवायचा आहे." तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

हा डबा नेमकं करतो काय?

गनमधून सुटणारी दाबाखालची हवा कडक दाणे जोरात फेकते आणि ते दाणे लोखंडावरची जंग, जुना रंग, पपडी झोडपून काढतात. 1870 साली टिल्घमन नावाच्या एका अमेरिकन माणसाने याचं पेटंट घेतलं. कॅबिनेट म्हणजे हेच काम बंद पेटीत करायचं: हात मोज्यांतून आत, डोळे काचेतून आत, आपण बाहेर. उडालेले दाणे खाली पडतात आणि परत वापरता येतात. उघड्यावर केलं तर दाणे वावरात जातात आणि धूळ छातीत.

ग्राइंडरला वायर ब्रश लावून जंग निघतेच की?

सपाट पट्टीची निघते. पण जंगाने लोखंडात खड्डे पाडलेले असले की ब्रश त्या खड्ड्यांच्या तोंडावरून घासत जातो. वरून लोखंड चकाकतं, खड्ड्याच्या बुडाशी जंग तशीच राहते आणि रंगाखालून पावसाळ्यात पुन्हा वर येते. दाणा खड्ड्यात शिरतो. शिवाय ब्लास्ट केलेला पृष्ठभाग खरखरीत होतो, रंगाला पकड मिळते.

पण वखराची पास ब्लास्ट करायला आणू नका. दोन तास वखर चालवा, माती फुकटात चकचकीत करून देते.

नदीची रेती चालेल का? फुकटची आहे.

नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून कारण नीट सांगतो. नदीची रेती बहुतांश क्वार्ट्झ असते, म्हणजे सिलिका. 80 पौंड दाबाच्या (पीएसआय) हवेने दाणा लोखंडावर आपटला की त्याचा भुगा होतो, आणि त्या भुग्यातला सगळ्यात बारीक भाग डोळ्याला दिसतच नाही. तुम्हाला दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते, शिंकून-खोकून बाहेर पडते. न दिसणारी थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे ती विरघळत नाही. शरीर तिच्याभोवती गाठी बांधतं आणि फुप्फुस कडक होत जातं. यालाच सिलिकोसिस म्हणतात. धूळ थोडी असली तर त्रास सुरू व्हायला दहा-वीस वर्षंही लागतात, फार असली तर दोन-चार वर्षांतही होतो. औषधाने तो बरा होत नाही, आणि अशा माणसाला टीबी धरायचा धोकाही जास्त असतो. इंग्लंडने कारखान्यांतल्या ब्लास्टिंगला रेती 1949 च्या नियमांनीच बंद केली. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यानेही सिलिकोसिस तिसऱ्या अनुसूचीत घातला होता, म्हणजे कामगाराला झाला तर सरकारला कळवणं भाग होतं.

पहिल्या महिन्यात मीही रेतीच वापरली. चाळणीने चाळून, उन्हात वाळवून. तोंडाला दुपट्टा बांधायचो. संध्याकाळी दुपट्टा झटकला की पांढरा धूर निघायचा आणि मला वाटायचं, वा, दुपट्ट्याने किती धूळ अडवली! न अडलेली कुठे गेली, हे तेव्हा सुचलं नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उरलेली दोन पोती रेती अंगणातल्या कोब्यात टाकून दिली.

"डबा बंद आहे ना, मग काय होते?" असं म्हणणारे भेटतात. डबा दिवसातून वीस वेळा उघडावा लागतो, आणि घरी केलेला डबा कितीही बंद केला तरी कुठून तरी गळतोच.

मग टाकायचं काय?

लोखंडासाठी ब्राउन अॅल्युमिनियम ऑक्साईड, 60 किंवा 80 नंबर. नंबर वाढला की दाणा बारीक. 60 नंबरचा दाणा पाव मिलिमीटरचा असतो. कडकपणात हिरा 10 धरला तर हा 9, म्हणून लवकर फुटत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो. पंचवीस किलोचं पोतं महाग वाटेल, पण मी जानेवारीत भरलेलं जूनपर्यंत चाळून चाळून चालवतो.

गार्नेट, म्हणजे एका लालसर खनिजाचे दाणे, हेही चांगलं. ते थोडं मऊ असतं आणि काम सफाईदार होतं. पितळ आणि अॅल्युमिनियमसाठी काचेचे गोल मणी, म्हणजे ग्लास बीड. ते कापत नाहीत, ठोकून गुळगुळीत करतात. मोटरसायकलच्या इंजिनाचं कव्हर त्याने नव्यासारखं दिसतं. एकाच डब्यात दोन्ही वापरायचे असतील तर मधे डबा झाडून, पुसून, पाइप उलटा करून रिकामा करावा लागतो. मी आता ते करत नाही, बीडचं काम साठवून महिन्यातून एकदाच करतो.

कॉपर स्लॅग, म्हणजे तांबं गाळून उरलेली मळी, स्वस्तात मिळतो, मोठ्या पुलांवर वापरतात. त्यात जड धातू असतात, म्हणून घरच्या डब्यात तो नको.

दुकानदाराने दिलेलं गार्नेट खरं की रंगवलेली रेती, कसं ओळखायचं?

वजनाने. मी एकदा शहरातून दोन पोती आणली. गुलाबी दिसत होतं आणि भावही गार्नेटचा घेतला. डब्यात टाकलं तर पाच मिनिटांत काचेपलीकडचं काही दिसेना. खरं गार्नेट इतकं धुळत नाही. पाण्यात टाकलं तर पाणी लाल झालं.

तेव्हापासून लिटरची बाटली घेऊन जातो. रिकामी मोजायची, दाणे ठोकून ठोकून भरायचे, परत मोजायची. गार्नेट दोन किलोच्या वर भरतं. कोरडी रेती दीड-पावणेदोन किलोच्या आतच राहते. दुकानदार हसतो, हसू द्या.

डबा कशाचा करावा?

जुन्या कुलरचा. विदर्भात प्रत्येक घराच्या मागे एक तरी गळका लोखंडी कुलर उभा असतोच, कबाड्याकडे तर रांग लागलेली असते. सांगाडा तयार, पाय तयार, उंचीही कंबरेच्या वर. तीन बाजूंच्या वाळ्याच्या जाळ्या काढून तिथे पत्रा मारायचा. पंख्याच्या तोंडावर काच. टाकीचा तळ कापून खाली पत्र्याचं नरसाळं लावायचं, म्हणजे दाणे एका जागी गोळा होतात. नरसाळ्याचा उतार 60 अंशांचा ठेवा. मी पहिल्यांदा 45 चा ठेवला होता, तर दाणे कोपऱ्यात अडून बसायचे आणि दर दहा मिनिटांनी डब्याला बुक्क्या माराव्या लागायच्या. नरसाळ्याच्या तोंडावर जाड जाळी ठेवा. तिच्यावर वस्तू ठेवता येते, आणि हातातून सुटलेला नट तळाला जात नाही.

कुलरच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. त्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, आणि बंद जागेत तो धूर घेतला तर रात्री हीव भरून ताप येतो. त्यामुळे वेल्डिंग नको, रिव्हेट मारा आणि फटी सिलिकॉनने भरा. पत्रा पातळ असतो. गनसमोरच्या भिंतीला आतून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे टांगा. रबरावर दाणा आपटून परत येतो, त्याला खात नाही. लोखंडी पत्रा आधी फाटतो, रबर टिकतं, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

दोनशे लिटरचा ड्रमही चालतो, पण ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारा. डिझेल, पेट्रोल, थिनर असेल तर रिकाम्या ड्रमला ग्राइंडर लावणं म्हणजे बॉम्ब कापणं. आतली वाफ पेट घेते. धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून मगच पहिलं भोक पाडायचं.

प्लायवूडचा करू नका. पावसाळ्यात फुगतो, दार बसत नाही.

हात घालायची भोकं, मोजे, काच?

भोकांसाठी सहा इंची पीव्हीसी पाइपचे चार-चार इंचांचे तुकडे, त्यावर लांब रबरी मोजे ओढून क्लिप आवळायची. दोन भोकांच्या मध्यांत दीड फूट अंतर. उंची ठरवताना फूटपट्टी नको. ज्याला काम करायचं आहे त्याला उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि तिथे खूण करा. माझा डबा माझ्या उंचीचा आहे, तर पुतण्याला पाटावर उभं राहावं लागतं.

काच 5 मिलिमीटरची टफन्ड. तिच्या आतून खिडकीची साधी पातळ काच, सहज काढता येईल अशी. दाणे काचेला दुधाळ करतात आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनासं होतं. आतली दीडशे रुपयांची बदलायची, बाहेरची तशीच राहते. अॅक्रेलिक एका दिवसात आंधळं होतं. दिवा डब्याच्या आत नको. वरच्या बाजूला दुसरी काच बसवून तिच्याबाहेर एलईडी लावा.

कॉम्प्रेसर किती एचपीचा लागेल? माझ्याकडे पंक्चरच्या दुकानातला जुना आहे.

डबा कोणीही बनवतो. लोक अडतात ते इथे, हवेपाशी. त्यामुळे जरा हिशेब करू.

गनच्या आत हवेचं एक बारीक भोक असतं, त्याला जेट म्हणतात. हवा किती खर्च होणार, हे तेच ठरवतं. 80 पौंडाला 2 मिलिमीटरच्या जेटमधून मिनिटाला साधारण 8 घनफूट हवा जाते. 2.5 मिलिमीटरमधून 13. 3 मिलिमीटरमधून 18-19. भोक दीडपट झालं तर हवा सव्वादोनपट लागते, कारण हवा क्षेत्रफळातून जाते, व्यासातून नाही.

आता कॉम्प्रेसर. 2 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर खरोखर बाहेर देतो 6-7 घनफूट. पाटीवर जास्त लिहिलेलं असतं, पण तो पिस्टनचा आकडा आहे, हवेचा नाही. विकत घेताना 'एफएडी किती', म्हणजे खरोखर बाहेर येणारी हवा किती, असं विचारा. विक्रेता गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जा.

म्हणजे 2 एचपीवर 2.5 चा जेट लावला तर 13 जातात, 7 येतात, दर मिनिटाला 6 घनफूट तूट. टाकी 200 लिटरची असेल तर 120 पौंडावरून 80 वर येईपर्यंत तिच्यातून 19 घनफूट हवा मिळते. 19 भागिले 6, म्हणजे तीन मिनिटं काम. मग टाकी परत भरायला पावणेतीन मिनिटं थांबा. पंक्चरवाल्याची 70 लिटरची टाकी असेल तर जेमतेम मिनिटभर. मोटर मात्र एक क्षणही थांबत नाही, आणि हे कॉम्प्रेसर अखंड चालायला केलेले नसतात. मे महिन्यात 45 अंशांत असा चालवला तर हेडवर भाकर भाजता येईल.

2 एचपी असेल तर 2 चा जेट लावा आणि सबुरीने घ्या. काम हळू होतं, पण होतं. रोजचा धंदा करायचा असेल तर 5 एचपी आणि थ्री फेज. एकूण खर्चाचा अर्ध्याहून जास्त पैसा कॉम्प्रेसरमध्ये जातो. डब्याला रंग मारायचं, चाकं लावायचं नंतर बघा.

शेतातल्या थ्री फेजवर चालवला तर?

मोटर चालेल, पण ते कनेक्शन पाणी ओढायला मंजूर आहे. मंजूर कामाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरणं हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं. दुकानाचं कनेक्शन वेगळं घ्या.

व्होल्टेजचं मात्र सगळीकडे सारखंच रडगाणं आहे. संध्याकाळी डीपीवर लोड आला की माझ्याकडे 230 चे 180 होतात. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर सुरू केला की मोटर गुणगुणते, फिरत नाही आणि वाइंडिंग जळतं. माझी एक अशीच गेली. आता व्होल्टमीटर समोरच लावला आहे. 200 च्या खाली असेल तर त्या दिवशी वेल्डिंगही नाही, ब्लास्टिंगही नाही, चहा.

विहिरीवाल्यांचा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर जोडला तर?

हवा भरपूर, डब्याला लागते त्याच्या कितीतरी पट. पण ती गरम, तेलकट आणि ओली असते, आणि डिझेल तुमचं. तेलाचा थेंब दाण्यांत गेला की दाण्यांचे लाडू वळतात. चांगला फिल्टर आणि रेग्युलेटर लावून एखाद्या दिवसाच्या मोठ्या कामाला वापरायला हरकत नाही. रोज परवडत नाही.

गन घरी बनवता येते का?

येते. अर्धा इंची जीआय टी, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी नळाचा तीन तोंडांचा जोड, घ्या. मागून हवेचा जेट, खालून दाण्यांचा पाइप, पुढून नोझल. जेटचं टोक टीच्या मध्याच्या जरा पुढे यायला हवं, पण नोझलच्या तोंडात घुसायला नको. नोझलचं भोक जेटच्या दुप्पट ठेवा. 2.5 चा जेट असेल तर नोझल 5 ते 6. जोरात सुटणारी हवा मागे पोकळी करते आणि दाणे ओढले जातात, फवारणीच्या गनसारखंच. जेटला आटे पाडून मागे-पुढे सरकवता येईल असा ठेवा, एका जागी ओढ सगळ्यात जास्त मिळते. ओढ बघायला खालच्या पाइपचं तोंड तळहाताने झाका. नोझलसमोर बोट कधीही आणू नका. दाबाची हवा कातडीतून आत शिरते.

नोझल लोखंडाचं केलं तर एका दुपारीत भोक मोठं होतं. सिरॅमिकची स्वस्त मिळतात, ती घ्या. कामाचा पसारा वाढला तर टंगस्टन कार्बाइड, ते शेकडो तास जातं. खरं सांगायचं तर तयार गन विकत घेणंच बरं. टीची गन मी हौसेने केली, आता ती खिळ्याला टांगलेली आहे.

गन धक्-धक् करते, दाणे झटक्याझटक्याने येतात.

दाणे जास्त, हवा कमी. दाण्यांचा पाइप ढिगाऱ्यात पूर्ण गाडला की तो तोंडाशी चोंदतो. पाइपला ढिगाऱ्याच्या वर येईल अशा जागी 5-6 मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यावर पट्टी फिरवून ते कमी-जास्त करता येईल असं करा. दाण्यांबरोबर थोडी हवा ओढली गेली की धार सरळ होते. तरी नाही झाली तर दाणे ओले आहेत.

ओले कसे होतात? मी तर पोतं कोरड्यात ठेवतो.

पाणी पोत्यातून येत नाही, हवेतून येतं. हवा दाबली की तापते, टाकीत आणि पाइपात गार होते, आणि तिच्यातलं बाष्प पाणी होऊन सुटतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की त्रासच नसतो. आषाढात झड लागली की टाकीच्या खालच्या कॉकमधून रोज पेलाभर पाणी निघतं.

तीन गोष्टी करा. टाकी रोज संध्याकाळी खालून सोडा. कॉम्प्रेसर आणि डबा यांत लांब जीआय पाइप ठेवा, तोही टाकीकडे उतरता. आणि पाणी पकडायचा सेपरेटर डब्याजवळ बसवा, कॉम्प्रेसरजवळ नाही, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी अजून वाफच असतं. माझी एक भर: तांब्याच्या नळीचं वेटोळं दुसऱ्या एका जुन्या कुलरच्या टाकीत पाण्याखाली बुडवून हवा त्यातून नेतो. हवा गार होते, पाणी तिथेच सुटतं आणि पुढचा सेपरेटर ते पकडतो. एका कुलरचं अंग डब्याला गेलं, दुसऱ्याची टाकी इथे कामी आली.

धूळ बाहेर येते. फटी किती भरू?

फटी भरून संपत नाहीत. गन मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा डब्यात ओतते, ती कुठून तरी बाहेर पडणारच. तुम्ही ती मुद्दाम, एकाच वाटेने बाहेर ओढा. डब्याला व्हॅक्यूम क्लीनर जोडा, मधे रंगाच्या वीस लिटरच्या डब्याचं सायक्लोन करा. हवा कडेने शिरून गोल फिरते, जड धूळ खाली बसते आणि क्लीनरची पिशवी तासाभरात भरत नाही. क्लीनरच्या तोंडाची हवा खोलीत नको, पाइप लावून बाहेर सोडा. डब्याच्या दुसऱ्या टोकाला हवा आत यायला वाट ठेवा, तिच्यापुढे पत्र्याचा आडोसा, म्हणजे दाणे बाहेर उडत नाहीत.

झालं की नाही, हे उदबत्ती सांगते. क्लीनर आणि गन दोन्ही चालू करून पेटती उदबत्ती दाराच्या फटीजवळ, मोज्यांच्या क्लिपजवळ फिरवा. सगळीकडे धूर आत ओढला गेला पाहिजे. कुठे बाहेर ढकलला तर ओढ कमी आहे.

काम संपल्यावर गन बंद करून क्लीनर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, मगच दार उघडा. सगळ्यात जास्त धूळ लोक दार घाईत उघडूनच खातात.

डबा बंद असला तरी मास्क लागतो?

लागतो. दार उघडताना, दाणे चाळताना, सायक्लोन रिकामा करताना. एन-95 तरी हवा, आणि नाकाशी नीट बसलेला. दाढी असेल तर कडेने गळतो. दुपट्टा, गमछा, तीन पदरी रुमाल हे धुळीच्या बाबतीत फक्त मनाचं समाधान. कपड्यावरची धूळ हवेच्या गनने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि तुम्ही काढताय त्या जुन्या रंगातही काय आहे, ते ठाऊक नसतं. जुन्या मशिनींवर शेंदरी प्राइमर असतो, त्यात शिसं असतं. ती धूळ घरात, लेकरांजवळ नेऊ नका.

डब्याला हात लावला की झटका बसतो.

कोरड्या उन्हाळ्यात हे होणारच, दाणे घासून स्थिर वीज तयार होते. गनपासून डब्याला आणि डब्यापासून अर्थिंगला तांब्याची तार जोडा.

गॅसच्या जुन्या सिलिंडरचं प्रेशर पॉट, म्हणजे दाबाने दाणे ढकलणारं भांडं, करू का? यूट्यूबवर पाहिलं.

नका करू. कापून, वेल्डिंग करून, झाकण बसवून दाब भरलेलं भांडं फुटलं तर दुसरी संधी मिळत नाही. ओढीच्या गनवर समाधान माना.

काय काय ब्लास्ट करू नये?

बेअरिंग, गिअर, सिलिंडरचं बोअर, हायड्रोलिकचा चकचकीत रॉड. दाणा एकदा इंजिनाच्या तेलाच्या वाटेत अडकला की तो कधीतरी बेअरिंगमध्ये पोहोचतोच. कार्बोरेटर बाहेरून चालेल, पण भोकं रबरी बुचांनी बंद करून, आणि नंतर रॉकेलने तीनदा धुऊन. जुन्या ब्रेक शूचं अस्तर कधीच नाही, त्यात अॅसबेस्टॉस असू शकतं. तेलकट वस्तू आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून आणा.

लोखंडाची जंग आणि अॅल्युमिनियमची बारीक भुकटी एकाच सायक्लोनमध्ये साठू देऊ नका. रेल्वेचे रूळ जोडायला जे पेटवतात, ते हेच मिश्रण. ठिणगी पडली तर विझत नाही.

पातळ पत्रा, म्हणजे मोटरसायकलची टाकी, मडगार्ड, जपून. दाणे ठोकून पत्रा एका बाजूने ताणतात आणि तो पोक काढतो. 40 पौंडाच्या खाली, तिरप्या हाताने, एका जागी न थांबता. जाड लोखंडाला 80-90 पौंड आणि 6 ते 8 इंच अंतर ठीक.

आजीची पितळी गुंड, समई करून द्याल?

देत नाही. एका ताईंनी आग्रह केला म्हणून एक समई बीडने करून दिली. झाली स्वच्छ, पण पन्नास वर्षांच्या हाताने आलेली झळाळी गेली आणि ती कारखान्यातून आल्यासारखी फिकी दिसायला लागली. ताई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चिंच आणि मीठ घ्या.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे, ऑइलपेंटचे पाच थर चढलेत.

हे होतं, आणि मला आवडतं. पण अॅल्युमिनियम ऑक्साईडने नाही. सागाच्या रेषांत एक थर कडक, एक मऊ असतो. कडक दाणा मऊ थर आधी खातो आणि नंदीच्या अंगावर नांगरल्यासारख्या सऱ्या पडतात. ग्लास बीड, 30 पौंड, लांबून. डोळे, कान, वशिंड यांच्या खाचांतला रंग सुटतो, बाकीचा पॉलिश पेपरने काढा.

दगडाच्या पाटीवर नाव कोरता येईल का? देवळाच्या देणगीदारांची पाटी आहे.

तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. जाड रबरी स्टिकर चिकटवायचा, अक्षरं कापायची, ब्लास्ट करायचं. पण ग्रॅनाइटमध्ये पाचवा हिस्सा तरी क्वार्ट्झ असतो. दाणा कितीही चांगला घ्या, धूळ दगडाचीच उडते, आणि ती सिलिकाच. माझ्या डब्याची ओढ त्या कामाची नाही, म्हणून मी घेत नाही. संगमरवर आणि काच चालतं, त्यात क्वार्ट्झ नसल्यासारखाच.

ब्लास्ट केल्यावर रंग कधी मारायचा?

लगेच. उघडं लोखंड करडं, खरखरीत आणि तहानलेलं असतं. उन्हाळ्यात दोन-चार तास निभतं. झडीत अर्ध्या तासात पिवळी झाक येते. उघड्या हाताने धरू नका, घामाची बोटं रंगाखालून उमटतात. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर रंगच मारू नका. पावसात माझ्याकडे नियम साधा आहे: सकाळी दहाच्या आत ब्लास्टिंग नाही, आणि प्राइमर हाताशी तयार असल्याशिवाय गन उचलत नाही.

तुमच्याकडे आणलं तर करून द्याल?

देतो. डब्यात मावेल एवढंच, म्हणजे दोन बाय अडीच फुटांच्या आत. ट्रॅक्टरचं मागचं रिम मावत नाही, तीनदा मोजून झालं आहे. धुऊन आणा, बेअरिंग काढून आणा. पोळ्याच्या आधीचा आठवडा सोडून या, तेव्हा डब्यात सगळे नंदी बसलेले असतात.